सुभेदारांचे पेढे

सख्खे भाऊ बंदुका घेऊन समोरासमोर उभे राहिले, तर देव कोणाच्या बाजूने असतो? शीलासने हा प्रश्न चर्चच्या पाळकांनाही विचारला होता. यादवी संपली तेव्हा त्याचा एक मुलगा अमोस सरकारी फौजेत पडला होता आणि दुसरा, रूबेन, बंडवाल्यांत. दोघांची प्रेतं घरी आणली होती.

रविवारी विजयी सुभेदारांनी चर्चमध्ये पेढे वाटले. म्हणाले, "मी तुमचा बायबलातला दावीद राजा. अबशालोमाचं बंड मोडलं. अमोसला मानाने पुरा. त्या रूबेनला मात्र दफनभूमीत जागा नाही."

शीलास ताडकन उठला.

"खाली बस, लेकरा," पाळक कुजबुजले.

"सरकार, अबशालोम दावीदाचा पोटचा पोर. तो बंडात मेल्याचं कळलं तेव्हा दावीद ढसाढसा रडला. जिंकलेली फौज शरमेने चोरासारखी गावात शिरली. त्याने पेढे वाटल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. तुम्ही दावीद असाल तर रडा. नसाल तर तसं सांगा, मी रूबेनला उकिरड्यावर टाकतो."

लोकांनी हातातले पेढे एकेक करून परातीत परत ठेवले.

"पुरा त्यालाही," सुभेदार शेवटी म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना कोरडाच रुमाल लावला.

शीलासने दोघांचे गणवेश उतरवले, त्यांना घरचे सदरे घातले आणि एकाच कबरीत शेजारी शेजारी निजवलं.