चौथ्या पायाचा नाल

बोरतळ्याच्या माळावर आज लोखंडी बैल उभा आहे तिथे नुसते दगड होते, तेव्हाची ही गोष्ट.

गावाबाहेर गुणा आणि सटवा हे घिसाडी जोडपं राहायचं. बैलांना नाल मारणं हे त्यांचं काम. सटवा कासरा धरायचा, गुणा खुराला हात लावून म्हणायची, "पाय!" की कसलाही मारका बैल निमूट पाय उचलायचा. गावातला एकेक बैल ती डोळे मिटून, नुसत्या खुरावरून ओळखायची, असं म्हणतात.

एका साली चारा संपला. गावाचे सगळे बैल घेऊन सटवा खिंडीपलीकडे गेला. "पोळ्याला परत येतो," म्हणाला. पोळा आला नि गेला. दुसराही गेला.

लोक म्हणू लागले, सटव्यानं बैल विकून खाल्ले.

"वाट चुकला असेल," गुणा म्हणाली. "लांबून दिसेल असं काहीतरी उभं करते."

ती दारोदार फिरली. मोडके फाळ, बोथट विळे, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा, झिजलेले नाल, जे मिळेल ते तिनं गोळा केलं. भट्टी पेटली. धावांच्या बरगड्या झाल्या, फाळांची शिंगं झाली. देवळाएवढा बैल उभा राहिला.

पाटील हसले, "काय गं गुणे, औताला चालेल का हा?"

"चालेल की. जोडीला तुम्ही या, पाटील."

तीन पायांना तिनं नाल मारले. चौथा नाल हातात घेतला आणि बाजूला ठेवला. "याला कासरा धरायला तो हवा," म्हणाली.

तरी कुणी आलं नाही. मग एक दिवस म्हातारी ठकूआजी बैलाकडे बघत म्हणाली, "अगं पोरी, याचं तोंड खिंडीकडे केलंस. हा तर निघालेला बैल झाला! परतणाऱ्याचं तोंड गोठ्याकडे असतं."

गुणानं आधी बैलाकडे पाहिलं, मग खिंडीकडे. खिंडीकडे तोंड करून वाट बघता बघता तिनं आपलंच तोंड त्याला दिलं होतं.

त्याला वळवायला साऱ्या गावानं जोर लावला. बैल तसूभर हलला नाही. शेवटी गुणानं खुराला हात लावला. "पाय!" लोखंड करकरलं, बैलानं पाय उचलला, आणि एकेक पाऊल टाकत तो गावाकडे वळला, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी खिंडीत घुंगरं वाजली. सगळे बैल आले, एकही कमी नव्हता. गुणानं एकेकाचा पाय उचलून पाहिला. नाल नवे होते, पण खिळे वेडेवाकडे. जन्मभर कासराच धरलेल्या हातानं ते ठोकले होते. विकून खाल्ले म्हणणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

सटवा मात्र आला नाही.

अजूनही पोळ्याला गावचे बैल आधी माळावर नेतात. ज्याच्या घरचं माणूस परगावी आहे, तो लोखंडाचा एक तुकडा आणून त्या बैलाला जोडतो. बैल दरवर्षी थोडा वाढतो. मागे एक वेल्डिंगवाला म्हणाला, चौथा नाल फुकट बसवून देतो. गाव म्हणालं, "नको. धरणारा यायचाय अजून."

मग बैलाच्या गळ्यात नवा कासरा बांधतात. त्याचं दुसरं टोक कुणी धरत नाही.