सैल सोडलेला पाय

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. जिल्हा रुग्णालयाची मागची इमारत, तळमजला, अर्धांगवायूने पाय गेलेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्याचा विभाग. फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने आखलेली दहा मीटरची रेघ. त्या रेघेच्या टोकाशी कौतिकबाई कासार काठी धरून उभ्या होत्या. दोन पावले टाकली आणि त्या डाव्या कुशीवर कोसळल्या. त्यांना चालायला शिकवणाऱ्या शलाकाने अर्ध्यात झेलले, म्हणून डोके वाचले.

आदल्याच शनिवारी याच कौतिकबाई उपचाराच्या एका खेपेत एक हजार आठशे चाळीस पावले चालल्या होत्या. तसे यंत्राच्या पडद्यावर उमटले होते, आणि पडद्यावरचा आकडा वरच्या कार्यालयात कळवूनही झाला होता.

एकदा एका जिल्ह्याच्या गावी माणसांना चालवणारे यंत्र आले, त्याची ही गोष्ट आहे. यंत्र खोटे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ते वरून पट्ट्यांनी माणसाचे वजन तोलून धरी. दोन्ही पाय धातूच्या सांगाड्यात बांधलेले असत. खालचा पट्टा सरकू लागला की सांगाडा पाय उचली, पुढे नेई, टेकवी. आपण पाय आहोत याचाच ज्या पायाला विसर पडला आहे, त्याला दिवसात हजार वेळा आठवण करून देणे हे त्याचे काम. माणसाच्या दोन हातांना ते जमत नाही. शलाकाच्या विभागात चाळीस रुग्णांमागे दोन उपचारक होते. वीस मिनिटांच्या वर कुणाच्या वाट्याला काही येत नसे. त्यामुळे यंत्र सुरू झाले त्या दिवशी तिला खरोखर आनंद झाला होता.

कौतिकबाई बांगड्या भरणाऱ्या. बारा गावांतल्या नवऱ्या मुलींचे हिरवे चुडे त्यांच्या हातून भरलेले. डोक्यावर पेटी घेऊन आयुष्यभर पायीच फिरल्या. नवरा गेला, एकुलती लेक सुरतेला दिली. गावात घर एकटीचे. खाटेपासून परसातल्या संडासापर्यंत बावीस पावले. तेवढी स्वतःची स्वतः चालता आली, तर घर राहणार होते. नाही आली, तर कुलूप लावून लेकीच्या सासरी जायचे. लेकीच्या घरचे पाणीसुद्धा न पिणारी ती पिढी. पहिल्याच दिवशी त्यांनी शलाकाला सांगून ठेवले होते, की मला बावीस दे, तेविसावं तुझं तू ठेव.

तीन आठवडे यंत्राने चालवले. आणि त्या सोमवारी फरशीने दोन दिली.

गांगुर्डे सर तेव्हा दारात उभे होते. वय चौऱ्याहत्तर. याच विभागात पस्तीस वर्षे त्यांनी माणसांना उभे केले, शलाकालाही त्यांनीच शिकवले. निवृत्तीनंतर सोमवारी आणि गुरुवारी ते न बोलावता येत. रुग्णालयाने त्यांच्यासाठी खुर्ची काही ठेवली नव्हती. ते रुग्णाच्या खाटेच्या कडेवर बसत. पडल्याचे त्यांनी पाहिले होते. शलाकाला वाटले, आता बोलणी खावी लागणार. सरांनी कौतिकबाईंना खाटेवर घेतले, पाणी पाजले, कुशीला कुठे लागले ते चाचपून पाहिले. मग शलाकाकडे वळून म्हणाले, "चप्पल काढ आणि यंत्रात चढ."

तिला काही उमगेना. धडधाकट माणसाने यंत्रात कशाला चढायचे? पण सरांपुढे "का?" म्हणायची सवय नव्हती. सरांनी तिचे पट्टे आवळले, पाय बांधले आणि कौतिकबाईंसाठी जे जे लावलेले होते, ते ते तसेच ठेवून यंत्र सुरू केले.

"डोळे मीट," ते म्हणाले. "आता मला सांग, तुझी आई भरीत कसं करते?"

शलाका यावलची. भरिताचा विषय निघाल्यावर तिकडचे माणूस गप्प राहणे शक्य नाही. वांगी हिरवट पांढरी, काटेरीच हवीत. भाजायची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. गॅसवर भाजलेले भरीत हे आजाऱ्याचे पथ्य. सरांनी मध्येच टोकले, की पातीचा कांदा घालणारे लोक भरीत बिघडवतात. ती चिडली. सर, तुम्ही नाशिकचे, तुम्ही यात बोलूच नका, असे डोळे मिटल्या मिटल्या तिने त्यांना ऐकवले. खाटेवरून कौतिकबाईही तिच्या बाजूने बोलल्या. दहा मिनिटे अशी गेली. सरांनी यंत्र थांबवले.

पडद्यावर पाचशे बारा पावले होती. खाली हिरव्या अक्षरांत "उत्तम" असे आले होते.

"किती चाललीस?" सरांनी विचारले.

शलाकाने पडद्याकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे. "मी चाललेच नाही सर. मी तर भरीत करत होते."

"मग या बाई तीन आठवडे काय करत होत्या, ते त्यांना विचार."

शलाकाने पट्टे सोडले आणि कौतिकबाईंच्या उशाशी जाऊन बसली. विचारताना तिचा आवाज उतरला होता. कौतिकबाईंना प्रश्नाचेच नवल वाटले. काय करणार, म्हणाल्या, अंग सैल सोडून देत होते. तूच नव्हतं का सांगितलं पहिल्या दिवशी, की घाबरू नका, सैल सोडा?

"आन मला ते पटलं पोरी," त्या पुढे म्हणाल्या. "बांगडी भरताना मी जन्मभर हेच सांगत आले. सैल सोड माय, हात माझ्याकडं दे, तू ताठ धरलास तर काच फुटल. जी पोर हात सोडून देती तिची बांगडी मऊ लोण्यावानी जाती. मी म्हटलं, आता मी नवरी आन हे यंत्र कासारीण. दिला पाय सोडून."

शलाकाची नजर पडद्याकडे गेली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा होता. यंत्राने पायाला किती मदत करायची, ते तो ठरवी. तीन आठवडे तो शंभर टक्क्यांवर होता. चौथ्या दिवशी तिने तो एकदा ऐंशीवर आणलाही होता. तेव्हा कौतिकबाईंचा पाय घसटला, यंत्र अकरा वेळा आपोआप थांबले, पावले चारशेच झाली. संध्याकाळी वरच्या कार्यालयातून फोन आला, की तुमचा आकडा का पडला. एवढे खर्चून यंत्र दिले ते चारशे पावलांसाठी का, असेही विचारले गेले. विचारणाऱ्याने रुग्णाचे नाव विचारले नाही. दुसऱ्या दिवशी शलाकाने आकडा पुन्हा शंभरावर नेला. महिनाअखेरीस तिचा विभाग साऱ्या जिल्ह्यांत पहिला आला होता.

हे सगळे तिने सरांना सांगितले.

"यंत्राचा दोष नाही," ते म्हणाले. "उचललेलं पाऊल आणि टाकलेलं पाऊल यातला फरक ओळखणं हे आपलं काम, ते आपण त्याच्यावर टाकलं. पायाला जेवढी गरज आहे, त्याहून जरा कमी मदत द्यायची असते. त्या उरलेल्या तुटीत पाय जागा होतो. मी पस्तीस वर्षं दोन हातांनी एवढंच केलं. माणसाला धरणं कुणालाही येतं, शलाका. हात किती ढिला करायचा आणि केव्हा, तेवढीच आपली विद्या."

दुसऱ्या दिवसापासून मदत साठावर आली. कौतिकबाईंना पहिल्यांदा घाम फुटला. त्या यंत्राला शिव्या देऊ लागल्या. मेल्यानं तीन आठवडे पाहुणचार केला आन आता औताला जुंपलं, म्हणाल्या. पावले तीनशेवर आली. फोन पुन्हा आला. या वेळी शलाकाने सांगितले, की पूर्वीची पावले यंत्राची होती, ही बाईंची आहेत, तुम्हाला कुणाची हवीत ते लेखी कळवा. लेखी काही आले नाही. अशा गोष्टी कधी लेखी येत नाहीत.

फरशीवर दोनाची चार झाली, चारांची सात. पण झटक्याला आता तीन महिने उलटून गेले होते. मेंदू नव्याने शिकायला सर्वांत तयार असतो तो सुरुवातीच्या महिन्यांत. पुढे तो शिकतो, पण रडतखडत. सरांना ते ठाऊक होते, शलाकालाही. कौतिकबाईंना कुणी सांगितले नव्हते, तरी सातांची आठ व्हायला आठवडा लागला तेव्हा त्या समजल्या असाव्यात. त्यांनी शिव्या देणे बंद केले.

बारा पावलांवर प्रगती थांबली. खाट रिकामी करायचा दिवस आला. लेक सुरतेहून जावयासह आली होती. कागदपत्रे होईपर्यंत कौतिकबाईंना कॉरिडॉरमध्ये बसवले. समोर एक मोठा लाकडी खोका पडला होता, आता त्यात जुन्या फायली भरल्या होत्या. त्याच्या फळीवर पोचल्याचा शिक्का होता: दोन जुलै. त्या शिक्क्यावर बोट ठेवून कौतिकबाईंनी विचारले, की यात काय आलं होतं.

"यंत्र," शलाका म्हणाली.

कौतिकबाईंना सप्टेंबरच्या दहा तारखेला झटका आला. नवव्या दिवशी त्यांना या विभागात आणले. तेव्हापासून पंचवीस नोव्हेंबरपर्यंत, वीस मिनिटांची आपली पाळी येईस्तोवर, इतर रुग्णांसारख्याच त्याही याच खोक्यावर बसत. बाके कमी होती. पंचवीस नोव्हेंबरला मोठे पाहुणे आले, फीत कापली, आणि मग खोका उघडला. झटक्याला तेव्हा शहात्तर दिवस झाले होते.

कौतिकबाईंनी मनाशी हिशेब जुळवला.

"म्हंजे माझ्या बुडाखालीच होतं की गं ते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शलाकाला तो असता तर बरे वाटले असते.

दारापासून गाडी पंधरा पावलांवर उभी होती. कौतिकबाईंनी कुणाचा हात घेतला नाही. बारा पावले त्या आपल्या आपण गेल्या. तेराव्याला पाय अडला, तशी शलाका पुढे झाली आणि तिने त्यांना धरले. मागे उभ्या असलेल्या सरांनी या खेपेस हात ढिला कर असे म्हटले नाही.

फितीची तारीख मिळेपर्यंत तो खोका एकशे सेहेचाळीस दिवस बंद होता. त्या दिवसांत अर्धांगवायूचे एकसष्ट रुग्ण त्या कॉरिडॉरमधून गेले. खोका उघडू नका, हे कुणी सांगितले, असे विचारणारा अर्ज शलाकाने केला आहे. त्याला अजून कुणी उत्तर दिलेले नाही.