आठ नंबरचा आरसा

ट्रक माणसांशी बोलत असत, त्या काळी निवृत्त हवालदार दौलतराव खामकरांनी लिलावातून दोन जुने लष्करी ट्रक आणले. लष्करात असताना डोंगरातल्या ताफ्यात हे ट्रक कायम मागेपुढे चालायचे. पुढे सात नंबर, मागे आठ नंबर.

दोन्ही दुरुस्त होणं शक्य नव्हतं. म्हणून दौलतराव आठ नंबरचे भाग काढून सात नंबरला बसवू लागले. गिअरबॉक्स गेला, रेडिएटर गेला, शेवटी आरसाही गेला. आठ नंबर दर वेळी म्हणायचा, "घे बाबा. तू चाललास म्हणजे मी चाललोच."

नवा हिरवा रंग चढला आणि सात नंबरची मान ताठ झाली. "साहेब, आता भंगारवाल्याला बोलवा. हा सांगाडा दारात शोभत नाही."

भंगारवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी सात नंबर गावातल्या संचलनाला निघाला. फाटकातून झोकात वळला आणि सवयीने त्याने आरशात पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मागची गाडी दिसेनाशी झाली की पुढचीने थांबायचं, हा ताफ्याचा नियम त्याच्या हाडीमाशी मुरलेला. तो जागीच थांबला.

दौलतरावांनी डिझेल पाहिलं, बॅटरी पाहिली. सगळं ठीक. "अरे, झालंय काय तुला?"

"साहेब," सात नंबर खालच्या आवाजात म्हणाला, "आठ नंबर मागे राहिला."

दौलतराव गाडी ओढायचा लोखंडी दांडा आणायला मागे वळले.

संचलनात लोक नव्या रंगाकडे बघत होते. सात नंबर वाटभर आरशात बघत चालला होता.