शेठजींकडे पाठ

नदीकाठच्या एका गावात त्रिंबकशेठ नावाचा व्यापारी राहत होता. त्याने निराधार म्हाताऱ्यांसाठी एक घर बांधलं. तिथे दोन वेळचं जेवण मिळे, पांघरायला घोंगडी मिळे. पण शेठला देण्यापेक्षा दिलेलं दाखवण्याची हौस मोठी होती.

दर वर्षी त्याच्या जन्मदिवशी पाहुणे ते घर बघायला येत. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक म्हाताऱ्याने खाटेवर उताणं निजायचं, तोंड दाराकडे करायचं. चादरीवर एकही सुरकुती नको. गाव या प्रथेला 'दर्शन' म्हणत असे. पाहुणे कधीच वेळेवर येत नसत. ज्यांना हलता येई ते चोरून हलत. ज्यांना येत नसे ते तसेच पडून राहत.

मागच्या दर्शनानंतर, तशाच पडून राहिलेल्या अंबू सुतारणीच्या कंबरेला आणि टाचांना जखमा झाल्या. त्या चिघळल्या आणि दोन महिन्यांत ती गेली. त्या घराच्या कारभाऱ्याने सांगितलं, "वय झालं होतं." वय तिचं दर्शनाच्या आदल्या दिवशीही तेवढंच होतं.

त्या घरात हौसाबाई रुग्णांची सेवा करायची. तिला आपलं काम ठाऊक होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. त्याला फरफटत ओढायचं नाही, उचलून वळवायचं. गुडघ्यांच्या मधे उशी द्यायची. चादर ओली राहू द्यायची नाही. रोज पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडला नाही, तर जखम सुरू झाली समजायचं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताला कातडी गरम आणि घट्ट लागते. असा डाग चोळायचा नाही, त्यावरचा भार काढायचा.

यंदा दर्शनाच्या सकाळी नानू तांबटाच्या माकडहाडावर तिला तसाच डाग दिसला. नानूचं डावं अंग लुळं होतं. तिने त्याला भिंतीकडे कुशीवर वळवलं.

कारभारी धावत आला. "हौसाबाई, आजचा दिवस तरी राहू द्या! पाहुण्यांनी काय त्याची पाठ बघायची?"

"बघू द्या की. पाठच दुखतेय त्याची, तोंड नाही."

"माझी नोकरी जाईल, बाई."

"अंबूचा जीव गेला," हौसाबाई म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

पाहुणे दुपारी आले. शेठ पुढे होता. त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती. बसल्या बसल्या त्याला एका खाटेवर नुसती पाठ दिसली.

"हा कोण? माझं खातो आणि मलाच पाठ दाखवतो?"

"नानू तांबट, शेठजी. त्याला मी वळवलंय. उताणा ठेवला तर पाठ सडेल."

"तासभर पडून राहायला काय होतं?"

"तासभर नाही, सकाळपासून. आणि तुम्ही या खुर्चीत बसल्यापासून चार वेळा हललात. मी मोजत होते. खाली तर गादीही आहे."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. शेठ लाल झाला. "हिला आत्ताच्या आत्ता काढून टाका!"

"काढा," हौसाबाई म्हणाली. "पण दोन तासांनी नानूकाकांची कूस कोण बदलणार, त्याचं नाव सांगा. नाव कळलं की मी निघते."

शेठने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी जमिनीकडे बघू लागला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरची सोनाई उठून बसली. ती दमेकरी होती, पण हातात जोर होता. "मी बदलीन," ती म्हणाली. "हौसानं शिकवलंय मला. पण हौसा इथून जायची नाही."

"आणि मी उशी देईन," तिच्या शेजारचा विठू साळी म्हणाला. तोही उठला. मग आणखी एक उठला, मग आणखी एक. ज्यांना उठता येत होतं ते सगळे, शेठच्या देखत, सुरकुतलेल्या चादरी बाजूला सारून उठले आणि ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्या खाटांशी जाऊन उभे राहिले.

नानू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "शेठजी, तुमच्या भाकरीला मी रोज हात जोडतो. पण माझी पाठ तुमच्या जन्मदिवसासाठी नाही."

शेठ खुर्चीवरून उठला आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेला. हौसाबाईला काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. चौथ्या दिवशी नानूचा डाग फिका पडला. पुढच्या वर्षी शेठचा जन्मदिवस आला, पण दर्शनासाठी उताणं निजायला त्या घरात एकही माणूस तयार झाला नाही.

तात्पर्य: आजाऱ्याचं अंग हे दात्याच्या कौतुकाची जागा नव्हे. सेवेचं खरं ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याने मालकाच्या मर्जीपुढे ते गिळू नये, आणि एकट्याजवळ ठेवूही नये. चार जणांना शिकवावं, म्हणजे त्या ज्ञानाला कुणी हाकलू शकत नाही.