बांधावरची रानवेल

वेली बोलायच्या आणि माणसं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. सुंद्राक्काच्या द्राक्षबागेच्या बांधावर एक रानवेल होती. तिचे मणी आंबटढाण, मिरीएवढे. बागेतली वेल तिला हिणवायची, "तुझी फळं बघून पाखरंसुद्धा चोच वाकडी करतात!" रानवेल आपली मुळं खोल सोडत राहायची.

पुढे विहिरीचं पाणी खारट झालं. बागेतल्या पानांच्या कडा करपल्या, वेली वाळू लागल्या. तेच पाणी पिऊन रानवेल मात्र हिरवीगार. सुंद्राक्का दिवसभर तिच्याकडे बघत बसली आणि मग चाकू घेऊन आली.

"तुझा शेंडा छाटते आणि बुंध्यावर त्या गोड वेलीची काडी बांधते. चालेल?"

शेजारी हसले, "अक्का, जंगली वेलीला कुठं गोड द्राक्षं धरतात व्हय?"

शेंडा गेला तर आपलं उरणार काय, या विचाराने रानवेल क्षणभर शहारली.

"मुळं माझीच राहणार ना?" तिने विचारलं. "मग बांधा."

अक्काने बुंधा चिरला, पाचरीसारखी तासलेली काडी त्यात खोचली आणि पट्टी आवळली. खारट पाणी पचवून रानवेल वर रस पाठवत राहिली. काडी फुटली, मांडवावर चढली. तिसऱ्या वर्षी मांडव घडांनी वाकला. हसणारे शेजारी आता काड्या मागायला आले.

"अक्का, या वाणाचं नाव काय हो?"

अक्काआधी काडीच बोलली, "आधी खालचीचं नाव विचारा. मी नुसती गोड आहे. जगते तिच्या जिवावर."

बुंधा बघायला सगळे खाली वाकले. रानवेलीपुढे माणसं पहिल्यांदाच वाकली होती.