हौसाआजीचा अळणी भात

ही गोष्ट खाडीकाठच्या मोरखार गावची, आणि इतकी जुनी की माझ्या पणजोबांनीही ती नुसती ऐकलेलीच. तेव्हा गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर होती. आजही एकच आहे. विहीर आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाची माती मुळांनी धरून ठेवणारं तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, दाट बन.

त्या गावात हौसा नावाची बाई राहायची. तिचा नवरा तरुणपणी समुद्रात गेला तो परत आलाच नाही. "ज्या खाऱ्या पाण्यानं माझा माणूस नेला, त्याचं मीठ मी जिभेवर ठेवायची न्हाय," असं ती म्हणाली आणि पार म्हातारी होईपर्यंत अळणीच जेवली.

मग बाबल खोतानं गावात चुन्याच्या भट्ट्या घातल्या. खाडीतले शिंपले भाजायचे, चुना करायचा, पडावात भरून बंदराला धाडायचा. जळणाला तिवराचं लाकूड हाताशी होतंच. बघता बघता गाव वर आलं. गवताची छपरं जाऊन कौलं आली, बायकांच्या हातात चांदी आली, पोरं दोन्ही वेळा पोटभर जेवू लागली. खोताला नावं ठेवू नका बरं, गावाची भूक त्यानंच घालवली होती. बन मात्र दरसाल विरळ होत चाललं होतं.

एका दुपारी हौसाआजीनं भाताचा घास तोंडात घातला आणि तशीच थांबली.

"ताने, मीठ घातलंस?"

"न्हाय ओ आत्याबाय," सून म्हणाली. "तुमच्या भातात मी कधी मीठ घातलंय?"

आजीनं विहिरीचं पाणी चाखलं, तर तेच खारट. ती घरोघरी सांगत फिरली. लोक हसले, म्हातारीची जीभ गेली म्हणाले. खरी गोष्ट अशी की विहीर फार हळूहळू खारी होत होती, आणि मोरखारच्या बायका कालवणात मीठ चिमूट चिमूट कमी करत गेल्या होत्या. त्यांचं त्यांनाच ते कळलं नव्हतं.

तेव्हा आजीनं अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. खोताला पहिल्या पंगतीत बसवलं, भात आणि कुळथाची पिठी वाढली. खोत खूश झाला.

"आजी, मीठ कसं अगदी बेताचं पडलंय!"

"मी मीठ घातलंच न्हाय रे बाबल," आजी म्हणाली.

पंगतीतले हात पत्रावळीवरच थांबले. असं म्हणतात, एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या तोंडातला घास बोटानं बाहेर काढला.

तरी भट्ट्या विझल्या नाहीत. "एवढा हंगाम जाऊ दे," खोत म्हणाला, "पडाव सांगून ठेवलेत." आणि कुणीही त्याला अडवलं नाही. कौलाखाली राहायची सवय झाली होती सगळ्यांना.

त्याच पावसाळ्यात, नारळी पुनवेच्या उधाणाला, बांध फुटला. हौसाआजी ओटीत तिवराच्या बिया घेऊन गेली आणि खिंडारात बसून राहिली. खोत बांधावर धावत आला. "ऊठ गो आजी, विझवतो भट्ट्या!" असं ओरडत राहिला. ती उठली नाही. असं म्हणतात, पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं आणि तिथंच थबकलं. ओहोटीला लोक बघतात तर आजी नाही, आणि खिंडारभर पुरुषभर उंचीचे तिवर उभे, मुळांत मुळं गुंतवून.

भट्ट्या त्याच दिवशी विझल्या. पुढं कौलं फुटली तिथं पुन्हा गवत आलं, काही घरं पोटासाठी गाव सोडून गेली. विहिरीचं पाणी गोड व्हायला बारा वर्षं लागली, असं म्हणतात.

अजूनही नारळी पुनवेला मोरखारच्या एकाही चुलीवर मीठ पडत नाही. विहिरीच्या पाण्यात भात शिजतो. गावातल्या सगळ्यांत धाकट्या तीन मुली तो आधी चाखतात, त्या "गोड" म्हणाल्या की मगच गाव जेवतं. हल्ली खाडीवर मोठ्या बोटींसाठी धक्का बांधताहेत. आमच्याच पोरांना तिथं काम लागलंय, आणि त्यासाठी बनाची एक कड तोडली आहे. गेल्या वर्षी दोन मुली पटकन "गोड" म्हणाल्या. तिसरीनं मात्र पुन्हा चाखून बघायला आणखी एक घास घेतला, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो.