दसऱ्याचं कपाट

एका गावात एक वाचनालय होतं आणि नागनाथ ते मोठ्या निगुतीनं सांभाळायचा. तिथं दोन कपाटं होती. एकात कथा-कादंबऱ्या, हाताळून हाताळून मऊ पडलेल्या. दुसऱ्यात एका हेडमास्तरांनी गाव सोडताना दिलेली विज्ञानाची, इतिहासाची, साहित्याच्या अभ्यासाची पुस्तकं. हे कपाट फक्त दसऱ्याला उघडायचं. पुस्तकं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि पुन्हा कुलूप. कुणी एखादं मागितलंच, तर नागनाथ हात जोडायचा. "ती विद्वानांची पुस्तकं. आपण दर्शन घ्यावं." स्वतः त्यानंही त्यातलं पान कधी उलटलं नव्हतं. याला तो विनय म्हणायचा. आळसाला असं चांगलं नाव मिळालं की तो जन्मभर सुखानं नांदतो. गावालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका वर्षी उन्हाळ्यानं कहर केला. फळ्या टाकून बंद केलेली जुनी विहीर उपसायचं ठरलं. नागनाथचा थोरला भाऊ सोपान दोर धरून उतरला. पाण्यापर्यंत पोचायच्या आत त्याचा हात सुटला. त्याला काढायला शेजारचा धोंडिबा उतरला, तोही वर आला नाही. विहिरीनं बळी घेतला, असं लोक म्हणाले आणि घरी गेले.

तेराव्यानंतर वहिनीनं विचारलं, "भावजी, माणूस धडधाकट होता. पट्टीचा पोहणारा होता. कशानं गेले हो हे?"

तिला विहिरीच्या बळीची गोष्ट सांगायला त्याची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते कपाट उघडलं. कुंकवानं पानं एकमेकांना चिकटली होती. विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलं होतं, की बंद विहिरीत जीवघेणी हवा साठते. आधी दिवा सोडावा, तो विझला तर माणसानं उतरू नये. मुलखाच्या इतिहासात होतं, की मागच्या मोठ्या दुष्काळात याच विहिरीत तिघे दगावले. आणि ओव्यांच्या अभ्यासाच्या जाडजूड पुस्तकात त्याच्या आईच्या तोंडची ओवी निघाली:

जुन्या विहिरीच्या पोटी, आधी सोडिते मी दिवा
जळत आला वर, मग धाडिते बंधवा

आई दळताना ही म्हणायची. त्याला ते भावाच्या मायेचं गाणं वाटायचं. अभ्यासकानं खाली लिहिलं होतं, 'ही बायकांनी जपलेली ताकीद आहे.' नागनाथनं ती ओवी पुन्हा वाचली.

दुपारी त्यानं वहिनीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"आज."

"आणि पुस्तकं गावात कधीपासून आहेत?"

"एकोणीस वर्षं झाली."

वहिनी उठली. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. पुढं नागनाथनं दुसरं कपाटही सगळ्यांना खुलं केलं, पण त्या दाराची कडी त्याच्यासाठी पुन्हा कधी निघाली नाही.

तात्पर्य: हार घातल्यानं पुस्तक बोलत नाही, ते उघडून वाचावं लागतं, आणि तेही वेळेवर.